तास पंधराव्या मिनिटाला विझतो: कुठून तपासायला लागायचं

नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवून बावीस वर्षं झाली. दरवर्षी नवा वर्ग हाती येतो आणि महिन्याभरात तासाच्या मध्येच वर्ग मनाने बंद पडण्याचा हा बिघाड एकदा तरी डोकं वर काढतोच. पूर्वी मी आधी मुलांवर चिडायचे, मग स्वतःवर, आणि मग एखादं नवं साधन शोधत बसायचे. आता माझा एक क्रम ठरून गेला आहे. फुकटातलं आणि पाच मिनिटांत होणारं आधी, कष्टाचं शेवटी. बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच काम भागतं.

लक्षणं

हजेरी होईपर्यंत सगळं ठीक असतं. फळ्यावर धड्याचं नाव पडतं, माना वर असतात. मग कधीतरी वर्ग विझतो. गोंधळ नसतो, उलट छान शांतता असते, आणि इथेच आपण फसतो. गोंगाट करणारा वर्ग निदान जागा तरी असतो.

खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी रोज दिसत असतील तर बिघाड आहे असं समजा:

- "समजलं का?" विचारलं की "हो बाई" असा एकसुरी कोरस येतो, पण एकाला उठवून "काय समजलं?" विचारलं की चिडीचूप.
- हात वर होतात ते त्याच चार-पाच मुलांचे. बाकीच्यांनी तुमच्याशी करार केल्यासारखा असतो: आम्ही तुम्हाला त्रास देत नाही, तुम्ही आम्हाला देऊ नका.
- मुलं विचारतात ते दोनच प्रश्न. "हे वहीत लिहायचं का?" आणि "हे परीक्षेला येणार का?"
- घंटेच्या चार मिनिटं आधी दप्तरांच्या चेनचे आवाज.

खात्री करायची असेल तर माझी एक जुनी चाचणी आहे. लांबलचक उदाहरण सोडवताना मध्येच ७ × ८ = ५४ लिहायचं आणि पुढे चालू लागायचं. एका वर्षी चाळीस वह्यांत ते ५४ सुबक अक्षरात उतरलं. एका मुलीने तर खाली पट्टीने रेघही मारली होती. पाढे सगळ्यांना येत होते. हात चालू होते, डोकी बंद होती.

पुढचं सगळं या एकाच प्रश्नाभोवती फिरतं: या क्षणी वर्गात डोकं कोण चालवतंय? तासातली तीस मिनिटं फक्त शिक्षकाचंच चालत असेल तर उरलेली चाळीस डोकी बंद पडणारच.

दुरुस्तीआधी: बिघाड नेमका कुठे?

तीन दिवस काहीही बदलू नका. हजेरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर एवढंच लिहा: कितव्या मिनिटाला वर्ग विझला आणि तेव्हा मी काय करत होते. माझ्या नोंदीत "व्याख्या लिहून देत होते" हे इतक्या वेळा आलं की मलाच लाज वाटली.

सोबत स्टाफरूममध्ये एक चौकशी करा. हाच वर्ग दुसऱ्या विषयाला कसा असतो? तिथे जिवंत असेल तर बिघाड माझ्या तासात आहे. सगळ्यांकडेच झोपलेला असेल तर खोली, वेळापत्रक किंवा झोप बघायची. आणि एक-दोनच मुलं हरवलेली असतील तर मधल्या पायऱ्या सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

पहिली तपासणी: शेवटच्या बाकावर बसून बघा

मुलं मैदानावर गेलेली असताना शेवटच्या बाकावर पाच मिनिटं बसा. मी बसले तेव्हा कळलं की खिडकीतल्या उजेडामुळे फळ्याचा उजवीकडचा एक तृतीयांश भाग नुसता चमकतो. सात महिने मी महत्त्वाची सूत्रं तिथेच लिहीत होते.

पंखा आणि बाहेरचा आवाजही तिथूनच ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत वर्ग चालू असताना पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपर्यंत असावा असं म्हटलं आहे. खडखडणारा पंखा तो केव्हाच ओलांडतो. शब्दाचा शेवट ऐकू आला नाही की मूल तो अंदाजाने पुरा करतं, आणि तासभर असं करणं दमवणारं असतं.

मग खिडक्या. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. बंद खोलीत चाळीस जण बसले की तो बघता बघता हजारावर जातो. दुपारच्या तासाला येणाऱ्या जांभया सगळ्याच आपल्या शिकवण्यामुळे नसतात. दोन तासांच्या मध्ये समोरासमोरच्या खिडक्या आणि दार दोन मिनिटं सताड उघडा.

सकाळचा पहिला तास असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली, या वयाच्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली ती याचसाठी. वेळापत्रक आपल्या हातात नसतं, पण पहिल्या तासाला काय करायचं ते असतं. त्या वेळी व्याख्या लिहून देणं म्हणजे अंगाई गाणं. उभं राहून, जोडीने, फळ्याशी येऊन करायचं काम तिथे टाका.

दुसरी तपासणी: तुम्ही उभे कुठे राहता?

खर्च शून्य. ॲडम्स आणि बिडल या दोन संशोधकांनी १९७० साली दाखवून दिलं की वर्गातली बहुतेक देवाणघेवाण पुढच्या आणि मधल्या ओळीतल्या मुलांशीच होते. फळ्याला पाठ टेकवून शिकवलं की आपला वर्ग आपोआप बारा मुलांचा होतो. एक उदाहरण मागे उभं राहून सांगा. शेवटच्या बाकावरच्याला अचानक आपण पहिल्या बाकावर आलो असं वाटतं, आणि ते त्याला फारसं आवडत नाही, पण चालेल.

तिसरी तपासणी: तीन सेकंद

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच, आणि मला सगळ्यात जड गेलेलीही हीच.

प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो? मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते, बऱ्याचदा त्याहूनही कमी. मग कोणालातरी उठवायचं, नाहीतर स्वतःच उत्तर सांगून मोकळं व्हायचं. थांबणं तीन सेकंदांच्या पुढे नेलं तेव्हा उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली.

एक सेकंदात प्रश्नाचा अर्थसुद्धा लागत नाही. मुलं हे फार लवकर शिकतात: थोडं गप्प राहिलं की बाई स्वतःच सांगतात. मग विचार करण्याचे कष्ट कशाला घ्यायचे?

करून बघा म्हणजे कळेल की तीन सेकंद किती लांब असतात. पहिल्या आठवड्यात त्या शांततेत माझ्या तळहाताला घाम यायचा. शेवटी एक युक्ती केली. प्रश्न विचारला की खडू खाली ठेवायचा, बोटांची भुकटी झटकायची, डस्टर सरळ करायचं आणि मगच वर बघायचं. तेवढ्यात चार सेकंद होतात. उत्तर आल्यावरही लगेच "शाब्बास" म्हणू नका, पुन्हा तेवढंच थांबा. मूल स्वतःहून "म्हणजे बाई..." करून पुढे बोलतं, आणि खरं उत्तर बहुतेकदा या दुसऱ्या वाक्यात असतं.

आणखी एक. प्रश्न आधी, नाव नंतर. आधी एकाचं नाव घेतलं की बाकीची एकोणचाळीस डोकी त्याच क्षणी सुटीवर जातात.

चौथी तपासणी: उत्तर कोण देतं?

हात वर करणाऱ्यालाच विचारत राहिलो तर उरलेल्यांना आपण रीतसर रजा देतो. मी नावांच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवते. चिठ्ठी निघाली की उत्तर द्यायचं, पण त्याआधी एक मिनिट शेजाऱ्याशी बोलायची मुभा. एकट्याने विचार, मग जोडीत, मग सगळ्यांसमोर, ही रीत फ्रँक लायमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९८१ साली मांडली. ती चालते याचं कारण साधं आहे: चुकलं तर दोघांचं चुकतं.

या वयात चुकण्यापेक्षा चारचौघांत हसं होण्याची भीती मोठी असते, म्हणून डब्यासोबत दोन नियम हवेत. "आत्ता नाही" म्हणायला परवानगी, पण मी पाच मिनिटांनी परत येणार. आणि कोणी हसलं तर पुढची चिठ्ठी हसणाऱ्याची.

स्वतःचा चेहराही तपासा. उत्तर चुकलं की मी लगेच "अजून कोणी?" म्हणायचे. बरोबर उत्तराला हे कधीच म्हणत नव्हते. मुलांनी तो सांकेतिक शब्द पकडला होता, मला पत्ताच नव्हता. आता उत्तर बरोबर असो की चूक, मी एकच विचारते: "कशावरून?"

पाचवी तपासणी: पहिली पाच मिनिटं

माझी पहिली पाच मिनिटं हजेरी, राहिलेला गृहपाठ आणि त्यावरच्या व्याख्यानात जायची. म्हणजे तासाची सुरुवातच मी वाट बघायला लावून करत होते. आता वर्गात शिरले की फळ्यावर तीन छोटे प्रश्न असतात: एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. वही न उघडता सोडवायचे. हजेरी मी तेवढ्यात मुकाट्याने उरकते. गुण नाहीत.

धडा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढणं जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वर्गाच्या दृष्टीने आणखी एक फायदा आहे. धड्यापाशी पोचेपर्यंत डोकं चालू झालेलं असतं, आणि चालू गाडी ढकलावी लागत नाही.

सहावी तपासणी: लिहिणं आणि ऐकणं एकाच वेळी चाललंय का?

मुलं फळ्यावरून उतरवत असतील तर गप्प बसा. डोक्यात एका वेळी जेमतेम चार नव्या गोष्टी हाताशी राहतात. त्यात शब्दन् शब्द उतरवणं आलं की आपलं स्पष्टीकरण बाहेरच राहतं. पूर्ण सोडवलेल्या उदाहरणाऐवजी मधली एक ओळ रिकामी ठेवून दिलं की नुसतं उतरवता येत नाही.

इथे एक विषयांतर. "हल्लीच्या मुलांचं लक्ष दहाच मिनिटं टिकतं" हे प्रत्येक प्रशिक्षणात ऐकायला मिळतं. त्यामागे ठोस पुरावा नाही. लक्ष येत-जात राहतं, आणि करण्यासारखं काही असलं की हीच मुलं दोन-दोन तास मान वर करत नाहीत. तसंच कोणी डोळ्यांनी शिकतं, कोणी कानांनी, म्हणून धड्याची तीन रूपं करा हा सल्ला. २००८ साली मानसशास्त्रज्ञ पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळलं, तेव्हा तशा शिकवण्याला पुरेसा आधार सापडला नाही. त्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आहेत, तुमच्या घालवू नका.

सातवी तपासणी: खालची वीट निसटली आहे का?

इथपासून कष्ट सुरू होतात. वरचं सगळं दोन आठवडे नेमाने केलं तरी काही मुलं विझलेलीच राहतात, तेव्हा बिघाड आजच्या धड्यात नसतो. तो दोन-तीन इयत्ता खाली असतो.

खिडकीजवळ बसणारा एक मुलगा होता. दर तासाला खोडरबरावर पेनाने दातेरी चाकं काढायचा, एकात एक अडकलेली, अगदी मापात. मी समजत होते की गणितात त्याला रस नाही. एकदा ऑफ तासाला त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, हे एवढं सोडवून दाखव: ५ − (क्ष − ३) = २.

त्याने नीट सुरुवात केली. कंसापाशी पेन्सिल थबकली, हवेतच राहिली. मग लिहिलं: ५ − क्ष − ३ = २. पुढचं सगळं बिनचूक, उत्तर शून्य. खरं उत्तर ६. वजा तीनचं अधिक तीन का नाही केलंस, विचारलं, तर म्हणाला, "ते कंसाच्या आत आहे ना बाई, आतलं तसंच राहतं."

तीन वर्षं हा मुलगा बाकी सगळ्या पायऱ्या बरोबर करून उत्तर चुकत होता. एवढं झाल्यावर कोणीही चाकंच काढेल. या वयात "मला येत नाही" म्हणण्यापेक्षा "बोअर होतं" म्हणणं सोपं असतं, आणि आपण ते खरं मानून धडा रंजक करायच्या मागे लागतो. गंमत आणली की मुलं हसतात, पण कंसापाशी पुन्हा तिथेच अडतात.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला पाच प्रश्न दिले, सगळे खालच्या इयत्तांचे. गुण नाहीत, नावही ऐच्छिक. असे कागद तपासायचे नाहीत, नुसते तीन ढीग करायचे: आलं, अर्धवट, अडलं. दहा मिनिटांचं काम. चाळिसांतल्या सतरा जणांनी तो कंस तसाच उघडला होता. मग पुढचा धडा थांबवून दोन पूर्ण तास फक्त चिन्हांवर घालवले. पोर्शन मागे पडला, पर्यवेक्षकांचं बोलणं खाल्लं. पण नाहीतरी जो पोर्शन मी पुढे नेत होते तो एकटीच नेत होते.

विज्ञानातही हेच. घनतेचा धडा बहुधा घनतेपाशी अडत नाही, गुणोत्तरापाशी अडतो. आलेखावरचे प्रश्न अडतात ते अक्षावरचं प्रमाण वाचता येत नाही म्हणून. धडा सुरू करण्याआधी स्वतःला विचारा: हे कळायला आधी कोणत्या दोन गोष्टी यायला हव्यात? त्या दोन आदल्या दिवशीच तपासून घ्या.

तो मुलगा पुढे काही पहिला-बिहिला आला नाही. चाकं कमी झाली एवढंच. आणि महिन्याभराने मी फळ्यावर घाईत चूक केली, यावेळी खरोखरची, तेव्हा खिडकीकडून आवाज आला, "बाई, तिथे अधिक पाहिजे."

उलटा बिघाडही असतो. ज्यांना सगळं आधीच येतं तीही विझतात. त्यांच्यासाठी फळ्याच्या कोपऱ्यात एक अवघड उदाहरण आठवडाभर राहू द्या. पुरेसं होतं.

आठवी तपासणी: मोठी उलथापालथ

प्रकल्प, गटकार्य, पडद्यावरचे धडे. हे वाईट नाही, पण शेवटी. एका शाळेत मी होते तिथे मोठा पडदा आला, आम्ही सगळे खूश. पडद्यासाठी खिडक्यांना पडदे लागले, दिवे गेले, आणि वर्ग पूर्वीपेक्षा लवकर झोपू लागला. प्रश्नापुढचे तीन सेकंद जमत नसतील तर चाळीस मुलांचा प्रकल्प जमणार नाही. तिथेही चौघं करतात आणि बाकीचे रंग देतात.

इथे थांबा, तज्ज्ञाकडे पाठवा

वर्ग जागा झाला तरी एखादं मूल हरवलेलंच राहिलं तर युक्त्या बंद करा.

फळा वाचताना डोळे बारीक करणारं, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं किंवा पाठमोरं असताना हाकेला ओ न देणारं मूल: आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा. या वयात चष्म्याचा नंबर भराभर वाढतो आणि मुलं तो लपवतात.

बोलता-लिहिता मध्येच काही सेकंद गोठणारं, नजर स्थिर, हाक किंवा खांद्यावरचा हात कळत नाही, आणि मग काही झालंच नाही असं पुढे चालू: याला लक्ष नसणं म्हणू नका. फेफऱ्याचा एक प्रकार नेमका असा दिसतो. लगेच पालकांना सांगा, डॉक्टरकडे पाठवा. स्वप्नाळू मूल हाक मारली की भानावर येतं, हे येत नाही.

सगळ्या विषयांत, घरीही, लहानपणापासून विसरणं, अर्धवट सोडणं, जागेवर न बसणं असेल तर समुपदेशक किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ. एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांच्या विकाराच्या) निदानाला लक्षणं निदान सहा महिने, एकाहून जास्त ठिकाणी आणि वयाच्या १२व्या वर्षाआधीपासून असावी लागतात. फक्त माझ्याच तासाला होत असेल तर ते बहुधा दुसरंच काही आहे. निदान आपण करायचं नाही, पालकांसमोर तो शब्दही काढायचा नाही.

चांगलं बोलतं पण वाचन-लेखनात सतत कोलमडतं, तर विशेष शिक्षकांकडून तपासणी.

आणि दोन आठवड्यांहून जास्त उदास, मित्रांपासून तुटलेलं, आवडीच्या गोष्टीही सोडून दिलेलं मूल: वर्गशिक्षक आणि समुपदेशकांना सांगा. जगण्याचा कंटाळा आल्याचं बोललं, हातावर जखमा दिसल्या, तर त्याच दिवशी, घंटा व्हायच्या आत. मुलाला एकटं सोडू नका, आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका.

पाठवताना सोबत "लक्ष देत नाही" एवढीच चिठ्ठी देऊ नका, त्यावरून कोणालाच काही कळत नाही. तारीख, तास आणि डोळ्यांनी दिसलं ते लिहा: "मंगळवार, तिसरा तास. मोठ्याने वाचताना वाक्याच्या मध्येच थांबली. दोनदा हाक मारली. साधारण दहा सेकंदांनी त्याच शब्दापासून पुढे वाचू लागली." अशा तीन-चार नोंदी झाल्या की तज्ज्ञांचं काम निम्मं होतं.